कार्ड क्र. २३ : कुयाशिइ

९ जून २०२४, रविवार. ओकायामा, जपान

ऑक्टोबरमध्ये आमच्या होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, महाराष्ट्रातून चौघीजणी कामाला येणार आहेत. काम आमचंच, काइगो. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उठवणं-बसवणं, आंघोळ, जेवण, कपडे, गोळ्या आणि दिवसभराची सोबत. त्या यायच्या आत त्यांच्यासाठी भावनांच्या जपानी शब्दांची ६० कार्डं करायची, हा माझा या उन्हाळ्याचा प्रकल्प. इथल्या शाळकरी मुलांच्या दप्तरात कडीत ओवलेल्या छोट्या कोऱ्या कार्डांचा जुडगा असतो, त्याला तान्गोचो म्हणतात. तसे चार जुडगे शंभर येनच्या दुकानातून आणले.

हे का करतेय तेही लिहून ठेवते. ‘तोकुतेइ गिनोओ’ (विशिष्ट कौशल्य) हा कामाचा व्हिसा जपानने एप्रिल २०१९ मध्ये सुरू केला आणि भारताशी त्याबद्दलचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्याच वाटेने मी २०२२ मध्ये लातूरहून इथे आले. गाठीशी एन४ पुरतं, म्हणजे भाषेच्या परीक्षेच्या खालून दुसऱ्या पायरीपुरतं, जपानी होतं. पाणी, गोळी, दुखतंय, थंडी वाजतेय, इतकं त्यात भागतं. समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय तिथे ते तोकडं पडतं, आणि आमचं निम्मं काम तिथेच असतं.

स्वतःला घालून घेतलेला नियम : पुढे एक शब्द, मागे एकच मराठी शब्द. कामाच्या गडबडीत एप्रनच्या खिशातून काढून बघता आलं पाहिजे.

२२ झाली. उरेशिइ (आनंद), साबिशिइ (एकटं वाटणं), हाझुकाशिइ (लाज) पटापट सुटले. २३ वा शब्द कुयाशिइ. पुण्यात क्लासला असतानाच्या माझ्या वहीत त्याच्यापुढे लिहिलंय, ‘राग, पश्चात्ताप’. त्यातला ‘राग’ उचलून कार्डावर उतरवला आणि पुढे गेले.

१४ जून, शुक्रवार

आजचं नीट लिहिते.

सकाळी ह-सानना कपडे घालायची माझी पाळी होती. (‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’. त्यांचं नाव इथे लिहिणार नाही. होममधली नावं होमच्या बाहेर न्यायची नाहीत.) वय ८४. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. त्यापूर्वीचं सगळं आयुष्य कोजिमात शिवणकामात गेलेलं. कोजिमा म्हणजे कुराशिकीचा समुद्राकडचा भाग, शाळेच्या गणवेशांसाठी नावाजलेला. जपानी बनावटीची पहिली जीन्सही १९६५ मध्ये तिथेच शिवली गेली. ह-सान गणवेशाच्या कारखान्यात काजं-बटणांच्या टेबलावर होत्या. दिवसाला किती बटणं हातांखालून जायची ते त्यांना अजून तोंडपाठ आहे.

कपडे घालायचा आमचा नियम ‘च्याक्कान-दाक्केन’ : घालताना लुळ्या बाजूने सुरुवात, काढताना धडधाकट बाजूने. उजवी बाही मी चढवली, डावी त्यांनी स्वतः ओढून घेतली. फिकट जांभळा ब्लाउज, पुढे पाच बटणं. त्या डाव्या हाताने लावायला लागल्या. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं काजाच्या तोंडाशी यायचं आणि अंगठ्याखालून निसटायचं. कापड धरायला दुसरा हात नाही, म्हणून त्यांनी ब्लाउजची कड हनुवटीखाली दाबून धरली. चार वेळा झालं, पाच वेळा झालं. मग त्यांनी हात खाली टाकला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “कुयाशिइ.”

माझ्या डोक्यात माझंच कार्ड उघडलं : राग. त्या माझ्यावर चिडल्या, मी उशीर करतेय, असं वाटून मी पटकन पुढे वाकले, “सुमिमासेन”, माफ करा, म्हणाले आणि उरलेली तिन्ही बटणं लावून टाकली. दहा सेकंदही लागले नसतील.

त्यांनी मान फिरवली. नाश्त्याला मिसो सूपला हात लावला नाही.

१५ जून, शनिवार

कालच्या नोंदवहीत मी ‘ओकोत्ते इरु’ लिहिलं होतं, रागावलेल्या आहेत असं. सेन्पाईंनी, म्हणजे माझ्या वरिष्ठ सहकारी बाईंनी, आज मला बाजूला बसवून ते ओळीने वाचायला लावलं. त्यांनी विचारलं, राग तू पाहिलास की तुला तसं वाटलं? त्या नक्की काय म्हणाल्या? मी म्हटलं, कुयाशिइ म्हणाल्या. मग तेच लिही, अवतरणात घालून जसंच्या तसं लिही.

आमच्या नोंदीत दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवायच्या असतात. क्याक्कान, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं. शुकान, म्हणजे आपल्याला वाटलेलं. वाटलेलं लिहायला हरकत नसते, पण ते पाहिलेलं आहे असं लिहायचं नसतं. मी वाटलेलंच पाहिलेलं म्हणून लिहिलं, तेही चुकीच्या कार्डावरून.

जाता जाता सेन्पाई एवढंच बोलल्या, “यारिताकात्ता न दा यो.” त्यांना ते करायचं होतं.

कार्ड क्र. २३ कडीतून काढलं. ‘राग’ खोडला. मागची बाजू कोरी.

२३ जून, रविवार

घरात आम्ही तिघी. मी, एक नांदेडची आणि एक सांगलीची. दोघी माझ्याहून लहान, मला ताई म्हणतात. आज दुपारी शेंगदाणे भाजता भाजता कुयाशिइला मराठी शब्द शोधायला बसलो, त्यात संध्याकाळ झाली. निघाले तेवढे सगळे लिहिते, कारण आपल्याकडे या बाबतीत इतकी श्रीमंती आहे हे मलाही माहीत नव्हतं.

हळहळ. ही दुसऱ्यासाठी जास्त. शेजारच्याचं उभं पीक गारपिटीत गेलं की आपण हळहळतो. ज्याचं गेलं तो हळहळत नाही, त्याचं दुःख याच्या पलीकडचं असतं. बाद.

चुटपुट. मनाला चुटपुट लागते ती लहानशा राहून गेलेल्या गोष्टीची. निघताना आजीच्या पाया पडायचं राहिलं. यात आपली गोष्ट आहे, आपलंच राहिलेलं आहे, पण जोर नाही.

रुखरुख. चुटपुटीचीच थोरली बहीण, खूप दिवस मुक्कामाला राहणारी. कुयाशिइ एका झटक्यात तोंडातून निघतो. रुखरुख झटक्यात येत नाही.

चडफड. इथे दोघींचं एकमत झालं की हा जवळचा. हात बांधलेले आणि आत उकळतंय. पण चडफडणाऱ्या माणसाचा रोख कुणावर तरी असतो. ह-सानचा माझ्यावर नव्हता.

हिरमोड. हा आशेचा आहे, प्रयत्नाचा नाही. सहल रद्द झाली की हिरमोड होतो. नामुष्की लोकांच्या डोळ्यांतली. खंत शांत आहे, बसून करायची. सल पुष्कळ खोल, पण त्याचा आवाज होत नाही.

मग सांगलीची म्हणाली, “ताई, आठवीत तालुक्याच्या कबड्डीत आम्ही एका पॉइंटने हरलो. शेवटची चढाई माझी होती. रात्री मी जेवले नव्हते.” मी विचारलं, तेव्हा आईला काय सांगितलंस? कोणता शब्द वापरलास? तिने बराच वेळ विचार केला. “शब्द नाही गं. ‘ते मला लागलं’ असंच म्हणाले असणार.”

लागलं. वहीत लिहून खाली रेघ मारली.

७ जुलै, रविवार

एन२ ची, म्हणजे वरून दुसऱ्या पायरीची, परीक्षा देऊन आले. वाचनाचा शेवटचा उतारा घाईत झाला. बाकी काही सुचत नाही. झोपते.

१८ जुलै, गुरुवार

शब्दाच्या अंगाचा अभ्यास. पुढच्या बाजूला काय घालायचं ते ठरवलं.

उच्चार : चार ठोके, कु-या-शि-इ. आवाज ‘कु’वर खाली, ‘या-शि’वर वर, ‘इ’वर पुन्हा खाली. आपण सगळे ठोके एकाच उंचीवर म्हणतो आणि शेवटचा ‘इ’ गिळून टाकतो. सेन्पाईंच्या तोंडून ऐकताना लक्षात आलं, की खरा जोर ‘शि’वर चढतो आणि तिथूनच घसरतो. जिना चढून शेवटच्या पायरीवर पाय सुटावा तसा.

कांजी (चिनी लिपीतून आलेलं अक्षर) : डावीकडे ‘रिश्शिन्बेन’, म्हणजे उभं केलेलं मन. उजवीकडे ‘दर, प्रत्येक’ या अर्थाचं चिन्ह. ते इथे अर्थापेक्षा उच्चारासाठी आलेलं आहे. समुद्राच्या कांजीतही तेच चिन्ह असतं, फक्त मनाच्या जागी पाणी; दोन्हींचं चिनी वाचन ‘काइ’. नव्या मुली या दोन कांजींत घोटाळा करणार म्हणून दोन्ही शेजारी शेजारी काढून दिल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मराठीत मी सहज म्हणते, मला राग आला, तिला राग आला, त्यांना राग आला. राग कुणालाही येऊ शकतो आणि तो मी कुणाच्याही वतीने सांगू शकते. जपानीत ‘कुयाशिइ’ हे वाक्य फक्त स्वतःबद्दल. समोरच्याला विचारता येतं. पण ‘ह-सान कुयाशिइ’ असं सरळ विधान केलं तर ऐकणाऱ्याला ते खटकतं. दुसऱ्याच्या मनात तू कशी शिरलीस, असा त्यात प्रश्न उभा राहतो. गोष्ट सांगताना लेखकाला ही मुभा असते, कारण तो पात्राच्या आत बसलेला असतो. आपल्याला नाही. दुसऱ्याबद्दल बोलायचं तर तीन वाटा : ‘कुयाशिसोओ’, तसं दिसतंय, ‘कुयाशिगात्ते इरु’, तसं वागण्यातून दाखवताहेत, ‘कुयाशिइ तो इत्ते इरु’, तसं म्हणताहेत.

म्हणजे सेन्पाईंनी जूनमध्ये नोंदवहीबद्दल जे सांगितलं, ते या भाषेच्या व्याकरणातच बसलेलं आहे. दिसलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, आणि आतलं ज्याचं त्याचं. वर्गात ‘-गारु’चा (‘कुयाशिगात्ते’ त्यातलंच) नियम मी पाठ केला होता, परीक्षेत गुणही मिळवले होते. तो कशासाठी आहे हे आज कळलं.

कार्डावर लाल शाईने : ‘नोंदीत लिहिताना “...” तो हात्सुगेन आरी. किंवा कुयाशिसोओ ना ह्योओजोओ. नुसतं कुयाशिइ नको.’ म्हणजे ‘“...” असं म्हणाल्या’, किंवा ‘चेहरा तसा दिसतोय’.

२९ जुलै, सोमवार

काल संध्याकाळी दिवाणखान्यात पॅरिस ऑलिम्पिकचा ज्युदो लागला होता. ५२ किलो गट, आबे उता. तोक्योला सुवर्ण मिळवलेली, त्याच दिवशी तिच्या भावालाही सुवर्ण. काल ती दुसऱ्याच फेरीत उझबेकिस्तानच्या केल्दियोरोव्हाकडून इप्पोनने, म्हणजे एका पूर्ण डावाने, हरली. मॅटवरून उतरल्यावर ती ज्या आवाजात रडली, तसं रडणं मी फक्त मयताच्या घरी ऐकलंय. व्हीलचेअरवरच्या सगळ्या आज्या गप्प झाल्या.

इथे या रडण्याला स्वतःचा शब्द आहे, ‘कुयाशि-नामिदा’, कुयाशिइचे अश्रू. आनंदाच्या अश्रूंना ‘उरेशि-नामिदा’. आपल्याकडे आनंदाश्रू आहेत. हरल्यावरच्या अश्रूंना वेगळं नाव नाही, ते दुःखाच्याच खात्यात जातात. कार्डावर जोडशब्द म्हणून घेतला.

८ ऑगस्ट, गुरुवार

दोन दिवस डोक्यात हेच आहे.

मंगळवारी रात्री विनेश फोगटने ऑलिम्पिकच्या कुस्तीत जपानच्या सुसाकी युईला ३-२ ने हरवलं. सुसाकी तोक्योची सुवर्णविजेती, तोवर परदेशी मल्लाकडून एकदाही न हरलेली. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत २-० ने पुढे होती. बुधवारी सकाळी होममध्ये मला सगळे म्हणत होते, तुमची मल्ल जबरदस्त आहे. आणि दुपारी बातमी आली, की अंतिम सामन्याच्या सकाळच्या वजनात ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरले, विनेश बाद. सुसाकीने त्या दिवशी कांस्य घेतलं.

रात्री मी सेन्पाईंना मेसेज करून विचारलं, यात कुयाशिइ कुणाचं? त्यांनी लिहिलं, दोघींचं. मला आधी पटेना. सुसाकी मॅटवर हरली, तिला शेवटचे क्षण पुन्हा हवे असणार, तिचं समजतं. विनेश तर हरलीच नाही. तिच्यावर जे आलं त्याला मी नशीब म्हणत होते. पण नांदेडची म्हणाली, “ताई, हळहळ आपल्याला वाटतेय, टीव्हीसमोर बसलेल्यांना. तिने रात्रभर घाम गाळला असेल, तिला हळहळ कशी वाटेल?”

बरोबर आहे. हळहळ काठावरच्यांची असते. कुयाशिइ पाण्यात उतरलेल्याचं.

१४ ऑगस्ट, बुधवार

ओबोन, इथला पूर्वजांचा सण. सुट्टीमुळे माणसं कमी, दोन पाळ्या सलग. दुपारी सगळ्यांना मुगिचा, सातूचा गार चहा, देऊन दिवाणखान्यात बसवलं, कोओशिएनचे सामने लावले. शाळकरी मुलांचं बेसबॉल इथे किती जीव लावून बघतात हे सांगायला आपल्याकडे जोडीचं उदाहरण नाही. स्टेडियम १ ऑगस्ट १९२४ रोजी उघडलं, म्हणजे याच महिन्यात शंभर वर्षं झाली. देशभरातून ४९ संघ येतात आणि एकदा हरलं की घरी. ४८ संघ हरूनच परत जातात.

हरलेली मुलं मैदानावर गुडघे टेकून तिथली काळी माती दोन्ही हातांनी ओढून पिशवीत भरतात. कॅमेरा जवळ गेला तेव्हा एकाची नखं दिसली, मातीने भरलेली. तो भरतच होता, पिशवी भरून वाहत होती तरी.

ह-सान म्हणाल्या, “देएरे हागाए.” हे ओकायामाचं. देएरे म्हणजे लई, आणि हागाए हा प्रमाण जपानीतल्या ‘हागायुइ’चा भाऊबंद, दात शिवशिवणं. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे अशा वेळी माणूस दातओठ खातो. त्यांना ते फार आवडलं. ओठ पण? असं दोनदा विचारलं. मग त्यांनी त्यांच्याकडचं सांगितलं, ‘जिदान्दा ओ फुमु’, पाय आपटणं. मूळचं ते पायाने दाबायच्या लोहाराच्या मोठ्या भात्यावरून आलेलं. पाय आपटणारा माणूस भाता मारतोय असा दिसतो म्हणून.

एक अडचण मात्र उभी राहिली. जूनपासून माझ्या मनात असं पक्कं होत आलं होतं, की कुयाशिइ म्हणजे ‘अजून करायचंय’. त्यात पुढचं पाऊल आहे. इथे लोक ‘कुयाशिसा ओ बाने नि’ म्हणतातच, कुयाशिइची स्प्रिंग करून उसळी घ्यायची. आपल्याकडे ईर्षेला पेटणं म्हणतात ते हेच. पण मातीत बसलेला तो मुलगा तिसऱ्या वर्षाचा होता. त्याला शाळेकडून पुन्हा खेळायला मिळणार नाही. त्याचं ‘अजून’ संपलं. तरी त्याचा शब्द तोच.

१९ ऑगस्ट, सोमवार

न-सान, वय ९१, शाळेत जपानी शिकवायचे. आज त्यांच्या पायांना मलम लावताना मी माझी अडचण सांगितली. त्यांनी डोळे मिटले आणि एक जुनी कविता म्हटली, तिची सुरुवातच ‘कुयाशि’ने. मान्योओश्यू या आठव्या शतकातल्या संग्रहाच्या पाचव्या खंडातली, ७९७ क्रमांकाची, यामानोउए नो ओकुराची. पत्नी वारलेल्या माणसाच्या तोंडची. अर्थ त्यांनी सोप्या जपानीत सांगितला : असं होणार हे ठाऊक असतं, तर हा सगळा मुलूख मी तिला दाखवला असता.

मी हातातलं मलम तसंच धरून बसले होते.

यात हरणं नाही, स्पर्धा नाही, पुढची संधी तर नाहीच. तेराशे वर्षांपूर्वी हा शब्द मागे बघणारा होता. त्याच मुळाचं क्रियापद ‘कुयामु’, आणि कुणी गेलं की आपण ‘ओकुयामि मोओशिआगेमासु’ म्हणतो तेही त्याच घरातलं. म्हणून माझ्या पुण्याच्या वहीतला ‘पश्चात्ताप’ अगदीच चूक नव्हता. त्या नवऱ्याने काही वाईट केलेलं नाही, पश्चात्ताप व्हावा असं काही नाही. त्याने जे करायला हवं होतं ते त्याच्या

हातून. हे लिहिताना सापडलं, म्हणून वाक्य तसंच ठेवते.

त्याच्या हातून व्हायला हवं होतं, झालं नाही.

आपल्याकडे त्याला नाम नाही, विशेषण नाही. विभक्ती आहे. ‘मी केलं नाही’ आणि ‘माझ्या हातून झालं नाही’ यांत केवढा फरक आहे. पहिल्यात नुसती कबुली. दुसऱ्यात माझी इच्छा आहे, माझा हात आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी निसटलेलं बटण आहे. सांगलीच्या चढाईला लावून पाहिलं, बसतं. विनेशच्या शंभर ग्रॅमला लावलं, बसतं. मातीतल्या मुलाला, त्या नवऱ्याला, सगळ्यांना बसतं. कुणी फसवलं की इथली माणसं कुयाशिइ म्हणतात, तिथेही : माझ्या हातून ते ओळखलं जायला हवं होतं.

एकाच ठिकाणी अडतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या बाईंनी आमची शेंगदाण्याची चटणी चाखून ‘कुयाशिइ केदो, उमाइ’ म्हटलं होतं. मान्य करायला जिवावर येतं, पण चांगली झालीय. तेही ओढूनताणून बसवता येईल. नाही बसवत. खाली वेगळी ओळ लिहीन.

२८ ऑगस्ट, बुधवार

एन२ चा निकाल पाहिला. पास व्हायला १८० पैकी ९० लागतात आणि तिन्ही भागांत किमान १९-१९. भाषाज्ञान ३३, वाचन २६, श्रवण २९. एकूण ८८.

तिन्ही भागांत वर. एकूणात दोन कमी.

सकाळी ह-सानना उठवायला गेले. त्यांना परीक्षेचं माहीत होतं, जुलैपासून दर आठवड्याला विचारायच्या. दोओ दात्ता? कसं झालं? माझ्या तोंडात ‘झान्नेन देशिता’ तयार होतं. ते कामावर वापरायचं सभ्य उत्तर, कार्ड क्र. १९, मागे ‘वाईट वाटतं’. ते पाऊस पडून कार्यक्रम रद्द झाला तरी चालतं. पण वाचनाचा तो शेवटचा उतारा डोळ्यांसमोर आला, ज्याला दहा मिनिटं ठेवायची होती आणि मी चारच ठेवली. जबडा आवळला गेला. म्हणाले, “नितेन देशिता. कुयाशिइ देसु.” दोन गुणांनी गेलं, कुयाशिइ.

दोन वर्षांत हा शब्द मी वाचला, लिहिला, पाठ केला, कार्डावर खोडला. स्वतःसाठी पहिल्यांदाच उच्चारला. ‘शि’वर आवाज आपोआप चढला.

ह-सान ‘पुढच्या वेळी होईल’ म्हणाल्या नाहीत. ‘दाइज्योओबु’, काही हरकत नाही, असंही म्हणाल्या नाहीत. “हागाए नाआ,” म्हणून डाव्या हाताने गादीची कड थोपटली, इथे बस अशी. पाळी सुरू झाली होती तरी मी दोन मिनिटं बसले.

१ सप्टेंबर, रविवार

दहा नंबरच्या वादळाचा पाऊस ओसरला. कार्ड क्र. २३ पुरं केलं. एका शब्दाचा नियम मोडला. आता आधीच्या २२ कार्डांनाही पुन्हा हात घालावा लागणार. विशेषतः साबिशिइच्या ‘एकटं वाटणं’वर माझा विश्वास राहिलेला नाही.

पुढची बाजू : कु-या-शि-इ, चढ-उताराच्या रेघेसह.

मागची बाजू : ‘माझ्या हातून व्हायला हवं होतं, झालं नाही, आणि ते मला लागलंय.

राग नव्हे. तुझ्यावर तर नाहीच.

ऐकलंस की लगेच हात पुढे करू नकोस. सुमिमासेन नको, दाइज्योओबु नको. “कुयाशिइ देसु योने” (कुयाशिइ आहे ना) म्हण आणि थांब. पुन्हा करायचंय का, हे त्यांनाच ठरवू दे.

जोडशब्द : कुयाशि-नामिदा. ओकायामात : हागाए.

हसत, खाताना म्हटलं तर : मानावं लागतंय, चांगलं झालंय.’

सांगलीचीने वाचलं. “ताई, ‘थांब’ म्हणजे किती वेळ?” मला सांगता आलं नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

तिने स्वतःच मोजून आणलं. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा काड्यांनी तोफू उचलत होते, तुटून पडत होतं, कुयाशिइ म्हणाले. चमचा तिच्या हातातच होता. तिने तो ट्रेखाली ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं ते नुसते बसून राहिले, मग त्यांनी स्वतः चमचा मागितला. नोंद तिने बिनचूक लिहिली होती, अवतरणासकट. ‘थांब’च्या पुढे मी कंसात लिहिलं : चार मिनिटंसुद्धा.

उद्या केइरोओ नो हि, ज्येष्ठांचा दिवस. ह-सानचे घरचे येणार म्हणून त्यांनी आज तोच जांभळा ब्लाउज घालून पाहायला मागितला. बटणांच्या जागी चिकटपट्टी लावून देऊ का, असं मी ऑगस्टमध्ये विचारलं होतं, तेव्हा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं होतं. उजवी बाही मी, डावी त्यांनी. कड हनुवटीखाली. मी समोरच्या स्टुलावर बसले, हात मांडीवर.

तिसरं लागलं. चौथ्यावर अंगठा तीनदा घसरला. त्यांनी वर पाहिलं नाही, काही म्हटलंही नाही, आणि पुन्हा काजाचं तोंड शोधायला लागल्या.